ती ओहोटी दुपारची होती, मयेकर काका

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले, काका, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

तुमच्या शोकसभेला कम्युनिटी हॉल भरला होता. एकेक जण उठून बोलला. कुणाला तुम्ही पहिल्या हिवाळ्यात स्वतःचं जाड जॅकेट दिलंत, कुणाला रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी शिकवलीत, कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा पंप घेऊन गेलात. सगळं खरंच असणार. मी तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. बाजूच्या बाईंना वाटलं मला रडू आवरत नाहीये, त्यांनी टिश्यू पुढे केला.

मग तुमचा रोहन उठला. म्हणाला, "डॅड वन्स करेक्टेड अ म्युझियम." आणि त्याने ती गोष्ट सांगितली. शहरातल्या एका कॉलेजच्या संग्रहालयात जपानी चित्रांचं प्रदर्शन होतं, तिथे कुणीतरी एका चित्राखाली चुकीची माहिती लिहिली होती. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या त्याच्या बाबांनी तिथी बघून, मनातल्या मनात हिशेब करून चित्रातली वेळ सांगितली, पत्र लिहिलं, आणि संग्रहालयाने पाटी बदलली. लोक डोळे पुसता पुसता हसले. मागून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

रोहनने ज्याचं नाव घेतलं नाही तो "समबडी" म्हणजे मी. आणि माझ्या पर्समध्ये तेव्हा कागद होते. चूक माझी नव्हती, तुमची होती, हे त्यांत अगदी स्पष्ट दिसत होतं.

सभा संपल्यावर काकू माझ्याजवळ आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "वैशाली, मराठी मंडळाच्या अंकात ह्यांच्यावर तू लिही. ते म्युझियमचं तूच नीट लिहू शकशील. तू होतीस तिथे." मी "हो" म्हणून बसले. घरी आल्यावर कळलं की आता दोनच गोष्टी करता येतील. रोहनने सांगितली तीच गोष्ट पुन्हा चांगल्या मराठीत लिहून द्यायची, किंवा खरं लिहायचं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, खरं लिही. तसं म्हणणं तुम्हाला नेहमीच सोपं जायचं, कारण खरं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवायचात.

मी नागपूरची. २००१ मध्ये नवऱ्याच्या व्हिसावर नेपरव्हिलला आले तेव्हा मला कामाची परवानगी नव्हती. नागपुरात मी चित्रकला शिकले होते, लाकडाचे ठसे कोरून छापले होते, पण इथे मी कुणाची तरी डिपेंडंट होते. मिलिंद सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जायचा आणि मी खिडकीतून बर्फ बघायचे. शेवटी आठवड्यातून एक दिवस ट्रेनने शहरात जाऊन त्या संग्रहालयात बिनपगारी मदत करायला लागले. तिथे एक अभ्यासिका होती. लाकडी ठशांनी छापलेली जपानी चित्रं पेट्यांत ठेवलेली असत. कुणी आधी वेळ घेऊन आलं की पेटी काढायची, चित्र टेबलावर मांडायचं, आणि त्या माणसाने पेन काढलं तर हळूच पेन्सिल पुढे करायची, एवढं माझं काम.

पुढच्या थंडीत एके दिवशी वहीत "मयेकर" नाव दिसलं. तुम्ही कानटोपी काढलीत आणि माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघून थेट मराठीत विचारलंत, "कुठची गो तू?"

"नागपूरची."

"म्हणजे समुद्र सिनेमातच."

"लग्न झाल्यावर गणपतीपुळ्याला गेलो होतो ना, काका. दोन दिवस."

"दोन दिवसांत लॉजचं जेवण कळतं. समुद्र नाही."

पहिल्याच भेटीत अपमान. आणि मी मूर्ख, मला बरं वाटलं. एका वर्षात माझ्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

त्यानंतर दर आठवड्याला तुम्ही यायचात. रस्ते आणि पूल बांधून रिटायर झालेला सिव्हिल इंजिनियर, पण पुलांची चित्रं असलेली पेटी तुम्ही कधी मागितली नाहीत. तुम्हाला समुद्र आणि किनारा एवढंच हवं असायचं. डोंगर दिसला की म्हणायचात, तो बाजूला ठेव. कपांवर आणि टीशर्टांवर असते ती प्रसिद्ध लाट मी मोठ्या कौतुकाने तुमच्यापुढे ठेवली तेव्हा तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. म्हणालात, "लाट सगळे बघतात. खाली होडीतली माणसं बघ. माना खाली घालून बसलीत. ज्याला होडी सांभाळायची आहे त्याला लाट बघायला सवड नसते." मी ते चित्र शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्या माणसांच्या माना मला त्या दिवशी दिसल्या.

हे सगळं मला मान्य करावं लागतं, आणि ते करताना माझे दात आवळले जातात. वारा कुठून आहे हे शिडावरून कसं ओळखायचं, ते तुम्ही शिकवलंत. किनाऱ्यावरून माणसं जाळं ओढतायत अशा एका चित्रावर बोट न टेकवता, वरच्यावर धरून म्हणालात, "ही आमची रापण. ह्या टोकाला माझा आजा, त्या टोकाला चुलता." कोणत्या चित्रकाराने किनाऱ्यावर उभं राहून समुद्र काढलाय आणि कोण खरोखर होडीत बसला होता, ते तुम्ही एका नजरेत सांगायचात. बरोबर सांगायचात की नाही, देव जाणे. मी खरं मानायचे.

आणि माझं काही ऐकायचं म्हटलं की तुमचं तोंड वाकडं. पाण्याचा निळा रंग किनाऱ्याजवळ फिका होत होत नाहीसा होतो, त्याला तुम्ही छापणाऱ्याचा आळस म्हणायचात. मी सांगायचे की तोच सगळ्यात कठीण भाग आहे. ठशावर रंग लावल्यावर तो ओल्या फडक्याने एका बाजूने पुसत विरवत न्यायचा, आणि प्रत्येक कागदासाठी पुन्हा तसाच. मी हे हातांनी केलेलं होतं, काका. माझ्या नखांत तो रंग गेलेला होता. तुम्ही म्हणायचात, "असेल. पण पाणी असं विरत नाही." हे भांडण दीड वर्ष चाललं. नंतर आपण दोघं खाली लॉबीतल्या बाकावर बसायचो आणि तुम्ही थर्मासमधून मला सोलकढी द्यायचात. इतकी चांगली सोलकढी मला पुन्हा मिळाली नाही, हेही लिहून टाकते.

२००४ च्या वसंतात समुद्र आणि किनाऱ्याच्या चित्रांचं एका खोलीपुरतं प्रदर्शन ठरलं. अभ्यासिकेची प्रमुख कॅरल मला म्हणाली, एका चित्राची पाटी तू लिही. माझी कामाची परवानगी दोनतीन महिन्यांत येणार होती आणि अर्ध्या वेळेची एक जागा निघणार होती. कॅरलने तसं वचन दिलं नव्हतं, पण "लेट्स सी हाउ धिस गोज" म्हणाली होती. ह्या देशात मी लिहिलेलं काहीतरी भिंतीवर लागणार होतं. पाच वाक्यांसाठी मी तीन आठवडे घेतले.

ते चित्र तुम्हाला पाठ होतं. समुद्राचं चित्र, पण समुद्र निघून गेलेला. ओहोटीने उघडा पडलेला लांबच लांब ओला तळ, चिखलात कलंडून बसलेल्या होड्या, कासोटा खोचावा तसे कपडे वर खोचून वाकलेल्या बायका. कुणी टोपलीत शिंपले भरतेय, कुणी पोराला ओढतेय. पाणी म्हणजे अगदी लांब एक बारीक निळी रेघ, आणि तिच्यावर तांबूस पट्टी, अशा चित्रांत कुठल्याही वेळी असते तशी. जपानात जुन्या चांद्र महिन्यांप्रमाणे तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी लोक असे शिंपले वेचायला जात. ग्रंथालयातल्या एका जुन्या प्रवासवर्णनाच्या इंग्रजी भाषांतरात मला मिळालं की लोक पहाटे होड्यांनी निघत आणि दुपारपर्यंत होड्यांखालचं पाणी निघून जाई. म्हणून मी लिहिलं की ही दुपारची वेळ आहे.

उद्घाटनाला तुम्ही कोट घालून आलात. माझ्या पाटीसमोर उभे राहिलात. चष्मा कपाळावर ढकलून दोनदा वाचलीत. मी बाजूला उभी होते, हातात चीजच्या तुकड्यांची प्लेट. तुम्ही म्हणालात, "बरं लिहिलंयस गो." आणि प्लेटमधला एक तुकडा उचललात.

पुढच्या आठवड्यात कॅरलने मला तुमचं पत्र दाखवलं. टाइप केलेली दोन पानं, खाली सही आणि सहीखाली इंजिनियरची पदवी. तुम्ही लिहिलं होतं की पाटीवरची वेळ चूक आहे. तिसरा दिवस म्हणजे तृतीया. कोकणात पोरसोरंसुद्धा जाणतात तो नियम म्हणजे तिथीची पाऊणपट. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला पुरती भरती, म्हणजे सहा तास आधी, सव्वाआठला, पुरती ओहोटी. शिंपले सकाळी वेचले जातायत, क्षितिजावरची तांबूस पट्टी सकाळचीच आहे, आणि दुपारी ह्या बायका गळ्याइतक्या पाण्यात असत्या. शेवटी एक वाक्य होतं, जे मला अजून शब्दशः आठवतं. समुद्राविषयी लिहिणाऱ्याने समुद्र पाहिलेला असावा.

कॅरल खूश झाली होती. तिला तुमचा तो नियम फारच आवडला. "इझन्ट इट ब्यूटिफुल?" म्हणाली. माझी पाटी काढली आणि नवी लागली. नवीवर "सकाळ" होतं, आणि किनाऱ्यावर वाढलेल्या एका अभ्यागताचे आभार. जूनमध्ये ती अर्ध्या वेळेची जागा दुसऱ्या एका मुलीला मिळाली. कॅरल म्हणाली, तिची पार्श्वभूमी अधिक योग्य आहे. तुमच्या पत्राचं नाव तिने काढलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी चुकले नसेन, अशी शंका मला एकदाही आली नाही. मी नागपूरची, तुम्ही कोकणातल्या आचऱ्याकडचे. भरती-ओहोटीच्या बाबतीत तुमच्यापुढे माझं काय चालणार? प्रवासवर्णनवाल्याने काहीतरी ठोकून दिलं असेल आणि मी ते भोळसटपणे उतरवलं, असंच मी धरून चालले. तीन वर्षं मी स्वतःची लाज बाळगली, काका.

त्या वर्षी गणपतीत हॉलच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला गाठलंत. मी पुऱ्या तळत होते.

"राग आला काय गो? येत नाहीस अभ्यासिकेत."

"नाही येत. काका, घरी फोन करता आला नसता? बाकावर बसून सांगता आलं नसतं? काहून कॅरलला लेटर पाठवलं?"

"चूक भिंतीवर होती. तुझ्या घरात नव्हती."

"तोंडावर बरं लिहिलंयस म्हणालात."

"लिहिलं बरंच होतंस. वेळ चुकलेली." मग म्हणालात, "मी चुकलो असं वाटत असेल तर दाखव ना. शोध, वाच, आणि ये माझ्याशी भांडायला."

मला वाटलं तुम्ही जखमेवर मीठ चोळताय. मी झारा कढईत सोडला आणि बाहेर निघून गेले. मागे पुऱ्या करपल्या, त्यावरून मंडळातल्या बायका मला अजून चिडवतात.

त्यानंतर मी एका दाताच्या दवाखान्यात फोन उचलायला लागले. परवानगी आली होती, काम मिळालं. वाईट नव्हतं. पण जपानी चित्रांची पेटी मी पुन्हा उघडली नाही. घरात एक मोठं पुस्तक होतं, तेही माळ्यावर टाकलं. तुम्ही कार्यक्रमांना दिसायचात. मी "नमस्कार" म्हणायचे आणि ताटं मांडायला पळायचे.

ह्या जुलैमध्ये आम्ही अल्फारेटाला नणंदेकडे गेलो होतो, आणि तिथून सगळे मिळून जॉर्जियाच्या किनाऱ्यावर. पौर्णिमा होती, तीही गुरुपौर्णिमा. नणंदेने सकाळी आठवण करून दिली तेव्हा तुमचं नाव मनात आलं, आणि मी ते झटकून टाकलं. पण किनाऱ्यावर बसल्यावर हिशेब आपोआप झाला. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पुरती भरती. मी माझ्या लेकीला, ईराला, ऐटीत सांगितलं, आता बघ, पाणी इथपर्यंत येणार. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. ईरा म्हणाली, "आई, इट्स गोइंग द अदर वे." पाणी केव्हाच उतरायला लागलं होतं. आमच्या टॉवेलपुढे ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडला होता. पुलाजवळच्या दुकानात भरती-ओहोटीची पुस्तिका होती. त्यात त्या दिवशीची भरती नऊच्या सुमाराची लिहिली होती.

पहिल्यांदा वाटलं, नियम मला नीट आठवत नाहीये. मग दुकानातल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक जागेचं वेगळं असतं. वीस मैलांवरच्या खाडीतसुद्धा वेगळं. मी त्या काउंटरपाशीच उभी राहिले. तिथीची पाऊणपट हा समुद्राचा नियम नाही. तुमच्या किनाऱ्याचा आहे. जगातला सगळा समुद्र आचऱ्याच्या वेळेप्रमाणे चालतो असं धरून तुम्ही जपानचा उपसागर मोजलात.

घरी परतल्यावर मी टोकियोच्या उपसागराचे तक्ते इंटरनेटवर शोधले. वसंतातली तृतीया काढली, एका वर्षाची नाही, पाचसहा वर्षांची. प्रत्येक वेळी ओहोटी दुपारची. बारा, साडेबारा, एक. पानं छापली, पिवळ्या पेनाने आकडे रंगवले, आणि मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात एकटी हसले. तुम्हाला कसं सांगायचं, कोणत्या आवाजात, ते मी ओट्याशी उभी राहून बोलून पाहिलं. तुम्ही आधी नाही म्हणणार, मग चष्मा कपाळावर ढकलणार, मग कागद मागणार. मी ठरवलं होतं की सोलकढी दिलीत तरी घेणार नाही.

हे सगळं जमवण्यात, हिंमत गोळा करण्यात दीड महिना गेला. फोन केला तो काकूंनी उचलला आणि म्हणाल्या, ह्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय.

मी आले होते ना, काका. पर्स घेऊन. तुमच्या नाकात नळी होती आणि हात इतके बारीक झाले होते की मनगटावरचा पट्टा सैल फिरत होता. खुर्चीत बसूनही मी पर्स खाली ठेवली नाही. तुम्ही तिच्याकडे बघितलंत.

"काय आणलंस?"

"काही नाही. बरे व्हा आधी, मग बघू."

"मग कधी गो?"

मला वाटलं, तुम्ही विचारताय की पुन्हा कधी भेटायला येशील. "पुढच्या आठवड्यात," म्हणाले. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. चार दिवसांनी तुम्ही गेलात. तीन वर्षं तुम्ही मला ज्या तऱ्हेने वागवलंत, त्यानंतर मी तुमची दया केली, आणि त्या दयेसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मी हे कागद घेऊन काकूंकडे गेले. त्यांना न दाखवता छापणं मला बरं वाटेना. त्या मेथी निवडत होत्या. मी वाचत गेले आणि त्या निवडत गेल्या. संपल्यावर त्यांनी पुढची जुडी ओढली. मी म्हटलं, "काकू, तुम्ही नको म्हणालात तर फाडून टाकते."

"कशाला फाडतेस? मला माहीत होतं."

काकूंचा भाऊ बोटीवर कामाला होता, हे मला कधी कळलं नव्हतं. पत्र टाकून आलात त्याच संध्याकाळी काकूंनी तुम्हाला जेवताना सांगितलं की बंदर बदललं की भरतीची वेळ बदलते, भाऊ नेहमी म्हणायचा. तुम्ही ताटावरून उठलात. दोन दिवसांनी लायब्ररीत जाऊन आलात आणि बूट न काढता म्हणालात, "पोरगी बरोबर आहे."

"मग सांगितलं का नाही मला?" माझा आवाज चढला. काकूंच्या घरात मी कधी एवढ्या जोरात बोलले नव्हते.

काकू म्हणाल्या, "मी रोज म्हणायची, फोन करा. म्हणायचे, ती हुशार आहे, शोधून काढील आणि येईल भांडायला. आली की कबूल करीन. तोपर्यंत कशाला? मंडळाचा कार्यक्रम असला की आधी विचारायचे, नागपूरची येणार आहे काय."

काकू हे सांगताना रडल्या. मी रडले नाही. कुणी म्हणेल की किती विश्वास होता बघा त्यांचा तुझ्यावर. मला तो नको आहे. पुऱ्यांच्या कढईशी उभे राहून "दाखव ना" म्हणालात तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. माझी चूक कळवायला तुम्हाला दोन पानं टाइप करता आली. स्वतःची कळवायला चार ओळी पुरल्या असत्या, आणि त्या चार ओळींनी ती जागा मला मिळाली असती की नाही ते मला ठाऊक नाही, पण मी घरी बसून स्वतःला अडाणी म्हटलं नसतं. मी येऊन तुम्हाला हरवावं अशी तुमची इच्छा होती, म्हणजे कबुलीही तुमच्याच सोयीने, तुम्ही गुरू आणि मी तुमची परीक्षा पास झालेली विद्यार्थिनी. तुम्हाला लाज वाटत होती, काका, आणि तिला तुम्ही शिकवणं असं नाव दिलंत. आणि रोहनला ती गोष्ट जशीच्या तशी सांगू दिलीत. घरातल्या घरात तरी खरं बोलायचं.

काकूंनी डोळे पुसले, मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या आणि म्हणाल्या, "छाप. रोहनला मी सांगते."

गेल्या आठवड्यात सुट्टी घेऊन मी अभ्यासिकेत गेले. कॅरल रिटायर झाली आहे. आता तिथे एक तरुण मुलगी आहे, तिला मी कोण ते माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. पेटी मागितली. ते चित्र समोर आलं तेव्हा मी पहिल्यांदा लांबची ती निळी रेघ बघितली, मग किनारा. रंग कुठे विरतो ते बघितलं. छापणाऱ्याचा हात इतका चांगला होता की रंग संपतो कुठे हे बोट ठेवून सांगता येत नाही. "पाणी असं विरत नाही," असं म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. मला फार एकटं वाटलं. साडेतीन वर्षांत मी ह्या चित्रांकडे बघितलं नाही त्याला कारण तुम्ही, आणि बघायला शिकले त्यालाही कारण तुम्हीच. दुसरं पहिल्याची भरपाई करत नाही. दोन्ही आहे.

प्रत्येक चित्राची एक फाइल असते. ह्या फाइलमध्ये तुमची दोन पानं होती, कॅरलच्या हाताने वर "वंडरफुल!" लिहिलेली. मी त्यांच्यामागे माझं एक पान लावलं, आणि त्यामागे पिवळे आकडे असलेले तक्ते. त्यात लिहिलं की सदर पत्रातला नियम भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा आहे, ह्या उपसागराला तो लागू नाही, आणि ओहोटी दुपारची आहे. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. त्या मुलीने विचारलं, "शूड आय टेक द ओल्ड लेटर आउट?" मी म्हटलं, राहू दे. माझं उत्तर कुणाला आहे ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

तर आता सगळं कागदावर आहे, काका. संग्रहालयाच्या फाइलमध्ये आहे, मंडळाच्या अंकात येईल, काकूंना माहीत आहे, रोहनलाही कळेल. मी बरोबर होते हे बाकी सगळीकडे नोंदलं गेलं. फक्त "पोरगी बरोबर आहे" हे तुम्ही मला सोडून दुसऱ्या कुणाला तरी सांगितलंत. ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि आता ते मी मरेपर्यंत मागत राहणार.